वाचून सही करते

गोव्यात जमिनीचं कुठलंही खरेदीखत उघडून बघा. विकणाऱ्याच्या नावाखाली त्याच्या बायकोचं नाव असतंच. जमीन त्याला बापाकडून आलेली असली तरी असतं, आणि तिची सही नसेल तर व्यवहार पुढे सरकत नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून हा नियम आमच्याकडे आला. 1961 ला पोर्तुगीज गेले, हा कायदा राहिला. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोचं सगळं एकत्र होतं, कमावलेलं आणि वारशाने आलेलंही, आणि त्यात दोघांचा अर्धा अर्धा हक्क. कोल्हापूरच्या माझ्या मावसबहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नशीबवान गं."

नशीबवान आहोतच. पण कागदावर हक्क असला म्हणून बाईच्या हातात तो कागद येतोच असं नाही, आमच्या डिचोली तालुक्यात तरी नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेक बायकांनी आयुष्यात दोन-तीन मोठ्या सह्या केल्या आहेत. एक लग्नाची, एक कर्जाची, एखादी जमिनीची. दर वेळी कुणीतरी कागदावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "हांगा कर."

माझंही तसंच. आमच्याकडे लग्न मांडवात लागायच्या आधी रजिस्ट्रारच्या कचेरीत पहिली सही होते, मग नोटीस लागते, पंधरा दिवस गेले की दुसरी सही. पहिल्या सहीच्या दिवशी काकांनी गाडी केली होती. सगळे नटूनथटून आले होते आणि नंतर जेवायला कुठे जायचं यावर चर्चा चालली होती. आपण आता कशाकशात अर्ध्या झालो हे त्या दिवशी मला कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांना तरी कुठे माहीत होतं?

लग्नानंतर काही वर्षांनी घरात पहिला टिपर आला, मग दुसरा. खाणीवर खनिज भरायचं, नदीकाठच्या जेटीवर ओतायचं, तिथून ते बार्जमधून मुरगाव बंदराला जायचं. जेवढ्या ट्रिपा तेवढे पैसे. नंबर लवकर लागावा म्हणून नवरा पहाटे चारला निघायचा, म्हणून मी साडेतीनला उठायचे. पावसात खाण बंद, म्हणून घराची डागडुजी, पाहुणे, कुणाच्या लग्नाची बोलणी, सगळं पावसात. ओसरीवर लाल धूळ बसायची ती दिवसातून दोनदा पुसायची. त्या पैशांनी मुलीचं शिक्षण झालं, सासऱ्यांचं आजारपण निभावलं, घराच्या पुढच्या भागावर स्लॅब पडला. टिपरांना मी नावं ठेवणार नाही. पण आमच्या घरात कोण किती वाजता उठणार, कधी जेवणार, कोणत्या महिन्यात आजारी पडलेलं परवडणार, हे खाणीचा फोरमन ठरवत होता, आणि आम्ही त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. 2014 च्या एप्रिलमध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने बंदी उठवली. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. या तारखा मला तोंडपाठ आहेत. आमचं घर याच तारखांवर चालत होतं.

त्या वर्षांत एक वाक्य आमच्या घरात, शेजारी, देवळाच्या पायरीवर, बाजारात सतत ऐकू यायचं: "मायनिंग सुरू झालं की." मायनिंग सुरू झालं की मागच्या पडवीची कौलं बदलू. मायनिंग सुरू झालं की मुलीला पणजीला कोर्सला घालू. माझी एक दाढ दुखत होती, तिच्यावर लवंग दाबून ठेवायची, मायनिंग सुरू झालं की दाखवू. टिपर अंगणात उभे, त्यांच्या टायरांत गवत वाढलेलं, आणि हप्त्याची नोटीस दर तीन महिन्यांनी. नवरा रोज संध्याकाळी चौकात जाऊन बातमी घेऊन यायचा. पुढच्या महिन्यात नक्की, असं कुणीतरी सांगितलेलं असायचं. मी त्याला दोष देत नाही. ज्याने वीस-बावीस वर्षं स्टिअरिंग धरलं त्याला दुसरं काही करता येतं हे आतून पटायला वेळ लागतो. पण वाट बघणं हेच आमचं काम होऊन बसलं होतं. माझी दाढ, मुलीची वर्षं आणि सासूबाईंचं म्हातारपण, सगळं त्या एका वाक्याच्या मागे रांगेत उभं होतं.

याच काळात राज्य सरकारच्या, गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये माझ्या खात्यात यायला लागले. रक्कम लहान. पण माझ्या नावावर येणारी ती पहिली रक्कम, आणि पासबुकात नोंद करून आणायला मी स्वतः बँकेत जायचे. तिथे रांगेत उभी असताना भिंतीवरचं सगळं वाचायची मला सवय लागली. सूचना, व्याजदर, विधी सेवा समितीचा फलक. बी. ए. ला मराठी घेतलं होतं, त्यानंतर इतकं लक्षपूर्वक काही वाचलं नव्हतं.

2019 मध्ये जमिनीला गिऱ्हाईक आलं. जमीन सासऱ्यांची. वर मोरड, म्हणजे बिनपाण्याची उंचावरची जमीन, त्यावर काजू. खाली ओहोळाच्या काठाने कुळागर, म्हणजे आमची बागायत: पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढवलेली मिरी. एजंट दिल्लीच्या एका माणसाचं नाव सांगत होता, त्याला पाण्याकाठी घर बांधायचं होतं. मोरडावर पाणी नाही, म्हणून त्याला कुळागरासकट सगळं हवं होतं. दर ऐकून धाकट्या दिराने पनवेलहून दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. नणंद आणि तिचे यजमान तयार झाले. कर्ज फिटेल म्हणून नवराही तयार झाला. मसुदा तयार होऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला गेला. सोमवारी साखळीच्या बाजाराला जाताना वकिलांकडे सह्या करून टाकू, असं ठरलं.

मी म्हटलं, "मी वाचून सांगते."

एवढंच म्हटलं. नाही म्हटलं नव्हतं. पण घरात असा सन्नाटा पडला की मी टेबलावर काही आपटलंय असं वाटावं. नवरा म्हणाला, "तुला काय वाचायचंय त्यात? मी वाचलंय." मी पुन्हा तेच म्हटलं.

मसुदा इंग्रजीत होता. तो घेऊन मी डिचोलीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे गेले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न किती हे विचारत नाहीत. फलकावर तसं लिहिलेलं होतं आणि ते खरंच निघालं. माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी एक वकील बाई बसली होती. तिने पानं उलटली, एक-चौदाचा उतारा, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, आणलाय का विचारलं, आणि मग शांतपणे म्हणाली, "काकी, सही करायची घाई तुम्हाला आहे की त्यांना?" मग तिने एकेक कलम मराठीत समजावलं. त्यात एक गोष्ट अशी निघाली की ती मला बसमध्ये घरी येईपर्यंत पुरली.

सासरे गेले तेव्हा त्यांची मालमत्ता मुलांकडे आली असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण कायद्याने आधी अर्धी मालमत्ता सासूबाईंचीच. लग्नापासूनची. मुलांचा वारसा उरलेल्या अर्ध्यात, मुलग्यांना आणि मुलीला सारखा.

दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाई मागच्या पडवीत अडकित्त्याने सुपारी कातरत बसतात. मी मसुदा घेऊन तिथे बसले आणि वाचायला लागले, एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचं मराठी. पहिल्याच पानावर विकणारी क्रमांक एक म्हणून त्यांचं नाव होतं. अर्ध्या हिश्शाच्या मालक, असं.

अडकित्ता थांबला. "कुणाची अर्धी?"

"तुमची, आई."

"आणि उरलेली?"

"त्यात तिघं भावंडं."

त्यांनी कातरलेली सुपारी पानावर एका बाजूला सारली. "म्हणजे सगळ्यांत मोठी मालक मी?"

"होय."

"मग बाय, मला कुणी विचारलं कसं नाही?"

सासूबाई पोर्तुगीज काळात देवळाच्या मांडवात भरणाऱ्या मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकल्या. सही करतात, देवनागरीत, एकेक अक्षर सुटं. त्यांना फक्त सोमवारी गाडीत बसायचं आहे एवढं सांगितलं होतं. विकल्यावर त्या कुठे राहतील याबद्दल मसुद्यात ओळ नव्हती, घरातही कुणी ते बोललं नव्हतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मला पुन्हा पहिल्या पानावर जायला लावलं आणि आपल्या नावावर बोट ठेवून ते वाक्य आणखी एकदा वाचून घेतलं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याच त्याला म्हणाल्या, "कुळागर द्यायचं नाही. मोरड काय ते बघा."

पुढचे महिने सोपे नव्हते. ते मी थोडक्यात सांगते, कारण त्यातली बरीच माणसं माझी आहेत. दीर म्हणाला वहिनीने घर मोडलं, आणि त्या चवथीला तो आला नाही. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना त्याची जागा रिकामी होती, ते मला लागलं. नवरा बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. शेवटी मोरडाचा तुकडा वेगळा विकला गेला, गिऱ्हाईक दुसरं, दर कमी. त्यातून आणि एक टिपर भंगारात देऊन बँकेशी एकरकमी परतफेड झाली. भावंडांत संमतीने वाटणीपत्र झालं, ओहोळाच्या बाजूचं कुळागर सासूबाईंच्या आणि आमच्या वाट्याला आलं. म्युटेशनचा, म्हणजे जमिनीवर नावं चढल्याचा, कागद आला तेव्हा त्यावर माझं नाव नवऱ्याच्या नावाशेजारी होतं. तो कागद मी कपाटात ठेवण्याआधी पूर्ण वाचला, सर्व्हे नंबरसकट.

कुळागर चालवायचं ठरवलं ते मी. नवरा आता दुसऱ्याची पिकअप चालवतो, महिन्याचा पगार येतो, रात्री घरी असतो. कृषी विभागाचं कृषी कार्ड मी माझ्या नावावर काढलं. जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाला गेले तेव्हा पहिल्या रांगेत बसले. सासूबाईंना जे डोळ्यांनी ठाऊक होतं त्याची कारणं मला तिथे कळली. पोफळीला पावसात कोळेरोग येतो, कोवळी सुपारी सडून गळते, आणि एकदा सुरुवात झाली की पावसात हाताशी काही राहत नाही. म्हणून पाऊस लागायच्या आधी बोर्डो मिश्रण फवारायचं आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी परत. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, प्लास्टिकच्या पिंपात. लोखंडी भांडं चालत नाही. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळत राहायचं. आकाशी रंग येतो, फार सुंदर. झालं की त्यात लोखंडी सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. सुरी स्वच्छ निघाली की फवारणीवाला वर चढायला मोकळा.

आणि ही पहिली फवारणी येते मे महिन्याच्या शेवटी. गोव्यात मे म्हणजे लग्नं. पोफळीवर चढणारी माणसं आता तालुक्यात बोटांवर मोजण्याएवढी उरली आहेत, त्यांनी दिलेला दिवस म्हणजे दिवस. एका वर्षी तो दिवस नेमका माझ्या मामेभावाच्या मुलीच्या हळदीचा निघाला. मी आदल्या दिवशी जाऊन तिला आहेर देऊन आले, तासभर बसले, आणि सांगितलं की उद्या मला यायला जमणार नाही, फवारणी आहे. मामी म्हणाली, "फवारणीला काय, नवरा आहे ना?" मी म्हटलं, "कुळागर मी बघते, मामी." ती दुखावली. नंतर मे संपल्यावर मी मुद्दाम दोन दिवस तिच्याकडे राहून आले, तिच्या हातची सोलकढी प्यायले, आणि आमचं पूर्ववत झालं.

असे नकार मला आधी जमत नव्हते, कारण माझ्या दिवसाला माझं म्हणण्यासारखं काही कामच नव्हतं. ज्याला काम नाही त्याचा वेळ सगळ्यांचा असतो, बाईचा तर हक्काने. आता सकाळी दहापर्यंत मी कुळागरात असते आणि फोन घरी असतो. बुधवारी डिचोलीच्या बाजाराला केळी आणि नारळ जातात, त्या दिवशी कुणाच्याही घरचं उद्यापन असलं तरी मी दुपारनंतर येते. चवथीच्या तिसऱ्या दिवशी चाळीस पानांचं जेवण मी एकटी रांधत असे. आता ते वाटून घेतो, खतखतं माझ्याकडे, नेवऱ्या नणंदेकडे, बाकी दिराच्या बायकोकडे. होय, दीर परत यायला लागला. त्याने अजून काही कबूल केलेलं नाही, पण जाताना नारळाचं पोतं घेऊन जातो.

काही बायका मला विचारतात, तुझ्या घरात चाललं म्हणून, आमच्या घरात कसं चालेल? मला त्यांच्या घरातलं माहीत नाही. मला वाटतं सुरुवात भांडणाने करू नये. आधी एक-चौदाचा उतारा काढा आणि त्यावर कुणाची नावं आहेत ते बघा. सासू असेल तर तिला तिचा हिस्सा वाचून दाखवा, घरातली सर्वांत एकटी बाजू बहुतेक वेळा तीच असते. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर पहिल्या सहीच्या आधी तिला वकिलाकडे पाठवा. माझ्या मुलीला मी पाठवलं, होणाऱ्या जावयासकट. करार करायचा की कायद्याने जे होतं ते होऊ द्यायचं, हे त्यांनी दोघांनी बसून ठरवलं. मी खोलीबाहेर बाकावर बसले होते. आणि तुमच्यासमोर कागद आला तर दोन दिवस मागून घ्या. ज्या व्यवहाराला दोन दिवस थांबवत नाही त्याची मला तरी आता भीती वाटते.

फोंड्याला बागायतदार सोसायटीत पहिली सुपारी घातली तेव्हा पैसे माझ्या खात्यात जमा झाले. नोव्हेंबरपासून पाडणं, महिना-दीड महिना अंगणात वाळवणं, सोलणं, सगळ्यात सासूबाई माझ्याबरोबर होत्या. नवऱ्याने विचारलं, आधी पंप घेऊया का, जुना कधीही बंद पडेल. बरोबरच होतं ते. मागच्या पडवीची कौलंही होती. मी वहीत तिन्ही गोष्टी लिहिल्या, पुढे अंदाजे खर्च लिहिला, आणि त्याला सांगितलं की आधी दाढ, मग कौलं, आणि पंप पुढच्या सुपारीला. तोवर जुना दुरुस्त करून चालवू. शुक्रवारी म्हापशाला बाजार करून दाढेच्या डॉक्टरांकडे गेले. रूट कॅनाल लागलं, तीनदा जावं लागलं. पंप त्या वर्षी टिकला.